गांधीनगरच्या बराकी आणि युरोपचा पेच

लग्नसराई जवळ आली की कोल्हापूर, सांगली, कोकण आणि सीमाभागातील कितीतरी कुटुंबे बस्ता बांधण्यासाठी गांधीनगरची वाट धरतात. गावोगावचे किरकोळ व्यापारीही माल भरावयास तेथेच येतात. कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत वसलेली ही घाऊक कापडपेठ आता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती मुळात कोणी आणि कशी वसवली हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. या पेठेचा उगम निर्वासितांच्या छावणीत आहे. आणि त्या छावणीत प्रथम राहावयास आलेले निर्वासित सिंधी नव्हते. ते युरोपीय होते.

हा जुना इतिहास आज पुन्हा सांगण्यास एक कारण आहे. युरोपविषयी आपल्याकडे सध्या दोन सुरांत बोलले जाते. युरोप म्हातारा झाला, त्याचे दिवस संपले, असे म्हणण्यात एका वर्गाला समाधान वाटते. दुसरा वर्ग आपल्या मुलाला जर्मनीत नोकरी कशी मिळेल याची चौकशी करीत असतो. पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकच गृहस्थ एकाच बैठकीत बोलतात. युरोपपुढे आज अडचणींची रास आहे, यात शंका नाही. सीमेवर युद्ध आहे, इंधन महागले आहे, उद्योगांची वाढ खुंटली आहे आणि राजकारणातील मध्यममार्गी पक्षांच्या पायाखालची वाळू सरकत आहे. परंतु या साऱ्यांत एक प्रश्न असा आहे की, ज्याच्यावाचून बाकीचे सुटणे कठीण आणि ज्याला हात घालताच सरकारे डळमळतात. तो प्रश्न म्हणजे दाराशी आलेल्या परक्या माणसाचे काय करावयाचे. प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, या प्रश्नाच्या आर्थिक बाजूवर प्रकाश टाकणारा एक धडा आपल्या वळिवड्याच्या माळावर लिहिलेला आहे.

वळिवड्याची छावणी

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि सोळा दिवसांनी पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. १९४० व ४१ या वर्षांत पूर्व पोलंडमधील लाखो माणसे घरांतून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आली. १९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा मॉस्कोला मित्रांची गरज भासली आणि या बंदिवानांची सुटका झाली. त्यांतून जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सेना उभी राहिली. १९४२ मध्ये ती इराणात उतरली आणि तिच्यामागून सैनिकांची कुटुंबे व अनाथ मुलेही आली. या असैनिक निर्वासितांना पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान येथे विखरून ठेवण्यात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे मुलांसाठी आश्रयस्थान उघडले. कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे १९४३ मध्ये मोठी छावणी उभी राहिली.

या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. पुरुष आघाडीवर असल्याने त्यांत मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. बराकींच्या रांगांतून शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यगृह असा एक छोटा पोलंडच तेथे वसला. बालाचडीचे केंद्र १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्यास आली. महायुद्ध संपले, पण त्यांची घरे परत मिळाली नाहीत. ज्या प्रदेशातून त्यांना नेण्यात आले होते, तो सोव्हिएत हद्दीत गेला. आज तो युक्रेन, बेलारूस व लिथुआनिया या देशांत आहे. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. काही मायदेशी परतले, पुष्कळसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. एका पोलिश मुलीने येथील तरुणाशी लग्न केले आणि ती कोल्हापूरचीच झाली. जे वारले, त्यांतील काहींची थडगी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. महावीर उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ आहे आणि वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पांजली वाहिली, तेव्हा अनेक कोल्हापूरकरांना ही हकीकत प्रथमच कळली.

या आतिथ्याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो रास्त आहे. तथापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे कुतूहल पुढच्या प्रकरणाविषयी अधिक असते. पोलिश मंडळी गेली आणि त्यांच्या बराकींत फाळणीने बेघर झालेले सिंधी निर्वासित येऊन राहिले. छप्पर तेच, जमीन तीच, शेजारची गावेही तीच. परंतु परिणाम मात्र निराळा झाला. पोलिश लोकांसाठी वळिवडे हा वाट पाहण्याचा थांबा होता. त्यांचा खर्च लंडनमधील परागंदा पोलिश सरकारमार्फत चालत असे आणि त्यांना येथे कायमचे वसवावयाचे, असा कोणाचाच विचार नव्हता. सिंध्यांना परतीची वाट नव्हती. ते पहिल्या दिवसापासून या देशाचे नागरिक होते. पेढी घालण्यास, उधारीवर माल उचलण्यास आणि गावोगाव फिरून विकण्यास त्यांना कोणाच्या परवान्याची वाट पाहावी लागली नाही. सरकारनेही पुनर्वसनावर पैसा खर्च केला. १९५४ मध्ये निर्वासितांच्या नुकसानभरपाईचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे छावणीची पेठ झाली. कल्याणच्या लष्करी तळावर वसलेल्या उल्हासनगरची कथाही याच जातीची आहे.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, वाट पाहत बसवलेला निर्वासित हा चालू खर्च असतो. त्याला अन्न, वस्त्र व निवारा देत राहावे लागते आणि वर्षाअखेर हाती काही उरत नाही. कामाला लागलेला निर्वासित हा भांडवली खर्च असतो. आरंभी गुंतवणूक करावी लागते, पण पुढे तिची परतफेड होते. माणूस तोच, त्याला कोणत्या खात्यावर टाकावयाचे, हे यजमान देशाचा कायदा ठरवतो.

माणसे हवीत आणि नकोतही

आता युरोपकडे वळू. युरोपीय संघातील २७ देशांची लोकसंख्या सुमारे ४५ कोटी आहे. तीत पाचांत एकाहून अधिक व्यक्ती ६५ वर्षांवरील आहेत. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी दर स्त्रीमागे सरासरी २.१ अपत्ये लागतात. युरोपात २०२३ मध्ये हे प्रमाण १.४ च्याही खाली होते. याचा अर्थ असा की, निवृत्तिवेतन घेणारे वाढणार आणि ज्यांच्या करातून ते वेतन द्यावयाचे ते घटणार. रुग्णालयांत परिचारिका नाहीत, बसगाड्यांना चालक नाहीत, कारखान्यांना जोडारी मिळत नाहीत. म्हणूनच २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने आपल्या महाराष्ट्र शासनाशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि त्याच वर्षी जर्मनीने कुशल भारतीय कामगारांसाठीची व्हिसामर्यादा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. आमच्या वर्गातील मुले जर्मन भाषेच्या शिकवण्या लावतात, ती उगाच नव्हे.

याच जर्मनीत २०२५ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत स्थलांतरितांना कडवा विरोध करणारा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याला पाचांत एकाहून अधिक मते मिळाली. नेदरलँड्समध्ये २०२३ मध्ये असाच पक्ष पहिल्या क्रमांकावर होता. फ्रान्समध्ये २०२४ च्या संसदीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत त्याच विचाराची आघाडी झाली. जो समाज माणसांवाचून चालू शकत नाही, तोच माणसांना भिऊ लागला आहे. युरोपचा खरा पेच हा आहे.

भीती केवळ अज्ञानातून उपजली, असे म्हणून चालणार नाही. २०१५ मध्ये सीरिया, अफगाणिस्तान, इराक आदी देशांतून आलेल्या बारा लाखांहून अधिक लोकांनी युरोपीय संघात आश्रयासाठी अर्ज केले. इतकी माणसे वर्षभरात आली की घरे, शाळा, दवाखाने यांवर ताण पडतोच. आणि तो श्रीमंतांच्या वसाहतींवर न पडता कामगारवस्त्यांवर पडतो. त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री कलोन शहरात स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांनी जर्मन समाजमन हादरले. अशा वेळी सामान्य मतदाराला ‘तू संकुचित आहेस’ असे सुनावणारा पुढारी त्याला दुसऱ्या छावणीत ढकलतो. प्रश्न भीतीची टवाळी करण्याचा नाही. भीतीचे कारण कमी करण्याचा आहे.

थांबवलेले आणि कामाला लागलेले

या बाबतीत युरोपने नकळत एक मोठा प्रयोग केला आहे. २०१५ च्या सुमारास आलेले निर्वासित आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत छावण्यांत आणि वसतिगृहांत थांबले. तत्कालीन युरोपीय नियमाप्रमाणे नऊ महिन्यांच्या आत निकाल झाला नाही तरच त्यांना कामाची मुभा देणे सक्तीचे होते. भाषा येत नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून भाषा कानी पडत नाही, या चक्रात अनेकांची उमेदीची वर्षे गेली. तरीही जर्मनीत त्या लाटेतील निम्म्याहून अधिक कामाच्या वयाची माणसे सात-आठ वर्षांत कमावती झाली. माणसांत दोष असता तर हे घडले नसते.

नंतर २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्या देशाने १८ ते ६० वयाच्या पुरुषांना बाहेर जाण्यास बंदी केल्यामुळे सीमेवर आल्या त्या प्रामुख्याने स्त्रिया, मुले आणि वृद्ध. वळिवड्यास आलेल्या तांड्याची रचना नेमकी अशीच होती. युरोपीय संघाने २००१ पासून कपाटात पडून राहिलेला ‘तात्पुरत्या संरक्षणा’चा कायदा ४ मार्च २०२२ रोजी प्रथमच अमलात आणला. त्यान्वये युक्रेनियन निर्वासितांना स्वतंत्र अर्ज-चौकशीविना राहण्याचा, मुलांना शाळेत घालण्याचा आणि काम करण्याचा हक्क तात्काळ मिळाला. चाळीस लाखांहून अधिक लोकांना हे संरक्षण लाभले. एकट्या पोलंडमध्ये त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. तेथील कामाच्या वयाच्या निर्वासितांपैकी निम्म्याहून अधिक थोड्याच काळात रोजगारास लागले. इतके लोक सामावूनही पोलंडमधील बेकारीचे प्रमाण युरोपात कमी असलेल्या देशांतच राहिले.

दोन्ही लाटांत फरक आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. युक्रेनियन भाषा पोलिशला जवळची आहे, धर्म व चालीरीती फारशा परक्या नाहीत, शिक्षण अधिक आहे. सिंधी बांधवांनाही येथे असाच लाभ झाला होता. ते या राष्ट्राचेच होते, व्यापार त्यांच्या हाडीमांसी खिळलेला होता. म्हणून गांधीनगरचे उदाहरण जसेच्या तसे युरोपवर चिकटवता येणार नाही. परंतु हे सर्व फरक वजा केले तरी कायद्याचा फरक उरतोच. एकाला पहिल्या दिवशी काम करू दिले आणि दुसऱ्याला महिनोन्‌महिने रांगेत उभे केले. नंतर दुसऱ्याकडे बोट दाखवून ‘हा ऐतखाऊ आहे’ असे म्हणणे हा न्याय नव्हे. २०२४ च्या नव्या निर्देशात युरोपने नऊ महिन्यांची मर्यादा सहावर आणली, ही चूक उमगल्याचीच खूण आहे.

एक बाजार, लहान तिजोरी

मग शहाणपण उमगूनही पाऊल का पडत नाही? त्याचे उत्तर संघाच्या घडणीत आहे. युरोपने एक बाजार केला, वीस देशांहून अधिकांनी एक चलन स्वीकारले. परंतु सामाईक तिजोरी मात्र लहानच ठेवली. संघाचा अर्थसंकल्प सभासद राष्ट्रांच्या एकत्रित उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का असतो. आपल्याकडे एखाद्या राज्यात दुष्काळ पडला किंवा निर्वासितांचा लोंढा आला, तर भार केंद्र उचलते. बांगलादेशच्या युद्धावेळी, १९७१ मध्ये, आलेल्या जवळजवळ एक कोटी निर्वासितांसाठी टपाल तिकिटापासून एस. टी. च्या भाड्यापर्यंत अधिभार भरल्याचे जुन्या वाचकांना स्मरत असेल. युरोपात तसे घडत नाही. आश्रयार्थी ज्या देशात प्रथम पाऊल ठेवील, त्याने त्याची जबाबदारी घ्यावी, असा १९९० च्या डब्लिन करारापासूनचा दंडक. म्हणजे भूगोलाने ज्यांना समुद्रकाठी बसवले त्या ग्रीस व इटलीने भार वाहावा आणि इतरांनी सल्ला द्यावा. २०१५ मध्ये १ लाख ६० हजार लोकांची देशवार वाटणी करण्याचे ठरले. प्रत्यक्षात त्याच्या चौथा हिस्साही लोक हलवले गेले नाहीत. हंगेरी, झेक प्रजासत्ताक आणि पोलंड यांनी ठाम नकार दिला. २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, तोवर ती योजनाच संपली होती.

पोलंडची भूमिका आपल्याला विशेष बोचते. २०२१ पासून बेलारूसच्या राजवटीने परदेशी लोकांना मुद्दाम आणून पोलिश सीमेवर ढकलण्याचा डाव मांडला, हे खरे. माणसांचा शस्त्रासारखा उपयोग होत असताना कोणत्याही देशाने सावध राहावे, यात गैर नाही. तरी २०२५ च्या मार्चमध्ये त्या सीमेवर आश्रय मागण्याचा हक्कच स्थगित करण्याचा कायदा पोलंडने केला, तेव्हा वळिवड्याच्या बराकी आठवल्यावाचून राहत नाहीत. ज्याच्या देशाचे दहा लाख पाहुणे सुखरूप राहिले आणि ज्याने शेजारच्या जंगलात दुसऱ्यांना अडवले, तो देश एकच आहे. तो दुष्ट नाही, घाबरलेला आहे.

२०२४ मध्ये मंजूर होऊन २०२६ च्या जूनपासून लागू करावयाच्या ठरलेल्या नव्या करारात वाटणीची निराळी युक्ती आहे. सभासद देशाने आपल्या वाट्याची माणसे घ्यावीत, अथवा दर माणसामागे २० हजार युरो द्यावेत, अथवा साधनसामग्री पुरवावी. तत्त्वतः ही तडजोड आहे. पण तीत एक धोका आहे. पैसे भरून मोकळे होण्याची सोय झाली की श्रीमंत देश पैसे भरतील आणि माणसे पुन्हा सीमेवरच साचतील.

याच सुमारास तिजोरीवर दुसरेही दावेदार उभे आहेत. युद्धापूर्वी आयात नैसर्गिक वायूपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक रशियाकडून येत असे. तो स्वस्त वायू गेला आणि जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे आकसली. २०२५ च्या जूनमध्ये नाटो राष्ट्रांनी २०३५ पर्यंत संरक्षणखर्च उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवर नेण्याचे मान्य केले. इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्राघी यांनी २०२४ च्या अहवालात उद्योगांच्या नूतनीकरणासाठी वर्षाला ७५० ते ८०० अब्ज युरोंची जादा गुंतवणूक सुचवली आहे. तोफा, कारखाने आणि निवृत्तिवेतन ही तिन्ही खाती भरावयाची, तर कमावणारे हात वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. दाराशी आलेले हात बसवून ठेवणे ही चैन म्हाताऱ्या होत चाललेल्या खंडाला परवडणारी नाही.

आपल्या दारात

युरोपला शहाणपण शिकवून थांबणे सोपे आहे. पण हाच प्रश्न आपल्या दारातही निराळ्या वेषात उभा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील फौंड्र्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले कामगार भट्टीपुढे उभे असतात. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी परतले, तेव्हा त्यांची किंमत कारखानदारांना कळली. साखरेचा हंगाम बीडकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांवाचून सुरू होत नाही. मात्र फडाशेजारच्या पालांत त्यांची मुले शाळेवाचून हंगाम काढतात. हे तर आपल्याच देशाचे, आपल्याच राज्याचे नागरिक. त्यांचे श्रम आपल्याला हवेत. शेजार मात्र नको. युरोपच्या मतदाराच्या मनात जे चालले आहे, त्याहून हे फार वेगळे आहे काय?

आणि उद्या आपली मुले स्टुटगार्टला जातील, तेव्हा त्यांच्याकडे तेथील शेजारी कोणत्या नजरेने पाहतील, ही चिंता आता कोल्हापूरच्याही घराघरांत शिरणार आहे. युरोपच्या राजकारणाकडे तमाशा म्हणून पाहण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही. तेथे भीती जिंकली, तर तिची किंमत आपल्याही मुलांना मोजावी लागेल.

वळिवड्याच्या पोलिश पाहुण्यांना कोल्हापूरने आसरा दिला, तो पुण्याचा भाग. त्यांच्यामागून आलेल्यांना पेठ वसवू दिली, तो व्यवहाराचा भाग. पुण्याची स्मारके वॉर्सात आणि महावीर उद्यानात उभी आहेत. व्यवहाराचे स्मारक निराळे उभारण्याची गरज नाही. तेथे दर लग्नसराईत आपण बस्ता बांधावयास जातच असतो. आश्रय दिल्यावर माणसाच्या हाताला काम द्यावयाचे की त्याला रांगेत बसवावयाचे, एवढाच निर्णय युरोपला घ्यावयाचा आहे. तो जितका लांबेल, तितका खर्च वाढेल आणि भीतीही वाढेल.